नुनावुतला विमानानेच का जावं लागतं, त्यामागची गोष्ट

कॅनडाच्या नकाशात अगदी वर जो तुकड्या-तुकड्यांचा भाग दिसतो ना, तो नुनावुत. साधारण 20 लाख चौरस किलोमीटर जागा, माणसं 2021 च्या जनगणनेत 37 हजारांच्या आसपास, गावं 25 आणि या गावांना जोडणारा रस्ता एकही नाही. तिकिटाचे भाव बघून लोक हबकतात आणि म्हणतात, एवढ्या लांब राहायला सांगितलंय कोणी यांना? तर काही जणांना खरंच सांगितलं होतं, सरकारनेच.

मुळात इनुइट, म्हणजे इथले मूळ रहिवासी, एका गावात बसून राहणारे नव्हतेच, सील आणि कॅरिबू (उत्तरेकडची हरणं) जिकडे जातील तिकडे हे, कुत्र्यांची स्लेज नाहीतर कयाक (छोटी होडी) घेऊन, त्यामुळे "दुर्गम" वगैरे प्रश्नच नव्हता. लांब पडायचं ते बाहेरच्यांना. हडसन्स बे या फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीची 'नॅस्कोपी' नावाची बोट उन्हाळ्यात माल, टपाल, डॉक्टर, पोलीस सगळं घेऊन यायची, ती 1947 मध्ये केप डॉर्सेटजवळ खडकावर आपटून बुडाली.

मग 1950 पासून 'सी. डी. हाऊ' ही सरकारी बोट सुरू झाली. हिच्यावर एक्स-रे मशीन होतं, टीबी निघाला की पेशंटला थेट दक्षिणेच्या हॉस्पिटलात, बऱ्याच जणांना किनाऱ्यावर उतरून घरच्यांचा निरोप घ्यायलाही मिळाला नाही. काही परत आलेच नाहीत. त्याची माफी मागितली गेली 2019 मध्ये!

आणि याच बोटीतून 1953 मध्ये उत्तर क्वेबेकच्या इनुक्जुआकमधली काही कुटुंबं जवळजवळ 2000 किलोमीटर वर नेऊन सोडली, रेझोल्यूट आणि ग्रीस फिओर्ड भागात. तिकडे शिकार भरपूर आहे, नाही पटलं तर दोन वर्षांनी परत या, असं सांगितलेलं. परत आणायचं नाव नाही. शीतयुद्धाचा काळ, त्या ओसाड बेटांवर आपली माणसं दिसावीत म्हणून हे केलं असं बरेच जण मानतात, आणि मला तरी तेच पटतं. याची माफी 2010 मध्ये.

विमानतळांचं म्हणाल तर तेही गावकऱ्यांसाठी नव्हते. आजची राजधानी इकालुइत म्हणजे 1942 मध्ये अमेरिकन सैन्याने युरोपकडे विमानं न्यायला बांधलेली धावपट्टी, गाव नंतर तिच्याभोवती वाढलं. 1957 मध्ये रशियन बॉम्बर हेरायची रडारची रांग चालू झाली. आम प्रवाशाचं खरं काम केलं ट्विन ऑटरने, 1965 चं कॅनेडियन विमान, खडीच्या आखूड पट्टीवर उतरतं, स्की लावली की बर्फावरही. आपल्याकडे गाव तिथे एसटी, तसं तिकडे गाव तिथे धावपट्टी.

जड सामान मात्र अजून बोटीनेच, तेही बर्फ वितळल्यावर उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत. बाकी दूध-भाजीपासून बाळंतपणाला निघालेल्या बाईपर्यंत सगळं विमानाने, आणि धुकं आलं की दोन दिवस तिथेच. ग्रीस फिओर्डला जायचं तर आजही आधी रेझोल्यूट, मग तिथून छोटं विमान, म्हणजे 1953 च्या त्या दोन वस्त्यांमधलाच प्रवास.