कंट्री : ऑस्ट्रेलियन आदिवासींचे भूमितत्त्वज्ञान

ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजांच्या विचारात भूमी, पाणी, प्राणी, वनस्पती, पूर्वज आणि माणसे यांचे एकमेकांशी असलेले नाते व त्या नात्यातून येणारी कर्तव्ये म्हणजे कंट्री. प्रत्येक कंट्री ठरावीक जागेची आणि ठरावीक कुळांची असते. हे लोक या खंडावर किमान ५०,००० वर्षे राहत आहेत. १७८८ मध्ये ब्रिटिश वसाहत सुरू झाली तेव्हा येथे २५० हून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. त्यामुळे ‘आदिवासी तत्त्वज्ञान’ नावाचा सगळ्यांना सारखा लागू होणारा एकच सिद्धान्त सापडत नाही. खुद्द या विचारालाच ते मान्य नाही, कारण धर्म, कायदा आणि ज्ञान ही ज्या त्या जागेची असतात असे तो मानतो. वाळवंटातील वार्लपिरींचा कायदा उत्तरेकडील आर्नहेम लँडच्या किनाऱ्यावरील योल्ङुंना लागू होत नाही, आणि तो लादण्याचा अधिकार कोणालाच नाही.

या विचाराच्या मुळाशी सृष्टीला आकार देणाऱ्या पूर्वजांच्या कथा आहेत. या पूर्वजकाळाला वार्लपिरी जुकुर्रपा म्हणतात, उलुरू परिसरातील अनांगू चुकुर्पा, तर योल्ङु वांगार. हे पूर्वज कधी माणसाच्या, कधी प्राण्याच्या रूपात भूमीवरून चालले, शिकारी केल्या, भांडले, सोयरिकी जुळवल्या आणि जागोजागी भूमीत विलीन झाले. खडक, पाणवठे, वाळूच्या टेकड्या ही त्यांचीच शरीरे आणि त्यांच्याच खुणा. हे एकदा घडून संपले असे मानले जात नाही, ते आजही चालू आहे. मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी १९५३ च्या निबंधात ही गोष्ट नेमकी पकडली : हा काळ कालरेषेवर कोठे बसवता येत नाही. पूर्वजांच्या वाटा गाण्यांत साठवलेल्या आहेत. कृत्तिकांच्या सात बहिणींची कथा पश्चिम आणि मध्य वाळवंटातून शेकडो किलोमीटर जाते. वाटेतला प्रत्येक समाज आपल्या टप्प्यापुरते गाणे सांभाळतो आणि पुढचा टप्पा शेजाऱ्याच्या हाती देतो. संपूर्ण कथा कोणा एकाची नाही.

कोंबुमेरी समाजातील तत्त्वज्ञ मेरी ग्रॅहम यांनी या विचारविश्वाचा आधार दोन सूत्रांत मांडला आहे : भूमी हाच कायदा आहे, आणि या जगात तुम्ही एकटे नाही. पहिल्या सूत्राची व्याप्ती मोठी आहे. येथे कायदा राजाच्या आज्ञेतून किंवा विधिमंडळाच्या ठरावातून येत नाही. भूमी माणसांच्या आधी होती, तिने माणसाला जन्म दिला, म्हणून कसे वागायचे हे तिच्याकडूनच शिकायचे. दुसऱ्या सूत्रातून व्यक्तीची कल्पना घडते. माणूस जन्मतःच नात्यांत असतो. माणसांबरोबर कांगारू, इमू, पाऊस किंवा रताळ्यासारखा एखादा कंद हेही त्याचे नातलग असू शकतात, आणि नातलग म्हटले की जबाबदारी आलीच.

ही जबाबदारी वाटली कशी जाते ते पाहिल्यावरच या नीतीची खरी ताकद कळते. वार्लपिरी समाजात वडिलांकडून ज्यांच्याकडे एखादी भूमी येते ते तिचे किर्दा, आणि आईकडून ज्यांचा तिच्याशी संबंध येतो ते तिचे कुर्दुंगुर्लू. किर्दा विधीत अंग रंगवून नाचतात, त्या भूमीचे पूर्वज होतात. कुर्दुंगुर्लू तयारी करतात, सामग्री जमवतात, गाणे आणि चित्र बरोबर आहे की नाही यावर लक्ष ठेवतात आणि चुकल्यास किर्दांना जाब विचारतात. किर्दांना आपल्याच भूमीबाबतचा मोठा निर्णय कुर्दुंगुर्लूंना वगळून घेता येत नाही. गंमत अशी की एका भूमीचा जो किर्दा, तोच आईच्या भूमीचा कुर्दुंगुर्लू असतो. प्रत्येक माणूस एकीकडे धनी, तर दुसरीकडे राखणदार. आर्नहेम लँडमध्ये अशीच राखणदारी जुंगकायी करतात. योल्ङुंचे सारे जगच धुवा आणि यिर्रिचा अशा दोन अर्धांत वाटलेले आहे. मूल वडिलांच्या अर्धाचे आणि लग्न विरुद्ध अर्धातच होत असल्याने आई आणि मूल कधीही एका अर्धाचे नसतात, म्हणजे राखणदार नेहमी बाहेरचा आणि तरीही घरचाच. सत्ता एका हाती एकवटू नये यासाठी मानवाने रचलेल्या व्यवस्थांमध्ये हिचे स्थान फार वरचे मानावे लागेल. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत तिला क्वचितच जागा मिळते, हे अन्यायाचे आहे.

रोजच्या वागण्यातही ही नीती दिसते. दुसऱ्याच्या भूमीत परवानगीशिवाय जायचे नसते. आपल्या भूमीत परतल्यावरही पूर्वजांना हाक मारून आपण कोण, बरोबर कोण आले आहे हे सांगायचे असते. पाहुण्याच्या डोक्यावर तिथले पाणी घालून त्याची भूमीशी ओळख करून देण्याचीही रीत आहे.

हे वाचताना मराठी वाचकाला देवराई आठवेल. दोहोंत एक मोठा फरक आहे. देवराईत देवाच्या नावाने एक तुकडा राखला जातो आणि त्याबाहेर नांगर चालतो. कंट्रीत अशी कुंपणरेषा नाही. काही स्थळांवर कडक निर्बंध असतात, पण निर्बंध नसलेली भूमीही कोणाची तरी नातलगच असते. तिथे शिकार होते, आग लावली जाते, कंद खणले जातात, आणि ते सगळे तिची काळजी घेण्याचाच भाग असते. माणसाचा हात न लागलेले रान हा आदर्श येथे नाही. व्हिक्टोरिया नदीच्या खोऱ्यात दीर्घकाळ राहिलेल्या अभ्यासक डेबोरा बर्ड रोझ यांनी नोंदवले आहे की गुरांच्या चराईने धूप होऊन उजाड झालेल्या भूमीला तेथील एका जाणत्याने ‘रानटी’ म्हटले. ज्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्यांची काळजी दिसते ती त्याच्या लेखी ‘शांत’ भूमी होती.

ज्ञानाबाबतचे नियमही याच नीतीचे आहेत. काही गोष्टी फक्त स्त्रियांनी जाणायच्या, काही फक्त दीक्षा झालेल्या पुरुषांनी, आणि काही त्या जागेच्या लोकांनीच बोलायच्या. आधुनिक कायदा मात्र पुरावा उघडपणे मागतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात कुमारांग्क म्हणजेच हिंडमार्श बेटावरील पुलाच्या वादात हा संघर्ष टोकाला गेला. तेथील स्थळांविषयी स्त्रियांकडेच असलेले ज्ञान आहे, असे काही ङारिंजेरी स्त्रियांनी सांगितले. त्याच समाजातील इतर काही स्त्रियांनी ते नाकारले. १९९५ मध्ये राज्याच्या चौकशी आयोगाने ते ज्ञान रचलेले असल्याचा निष्कर्ष काढला. २००१ मध्ये संघीय न्यायालयाच्या न्यायाधीशांनी मात्र ते बनावट असल्याचे आपल्याला पटत नाही असे म्हटले. तोवर पूल बांधून झाला होता. गुपित राखणे हेच ज्यांचे कर्तव्य, त्यांनी ते सांगितले तर कर्तव्य मोडते आणि न सांगितले तर भूमी जाते.

न्यायालयांशी असलेले हे अवघड नाते योल्ङुंच्या लढ्यात सर्वांत स्पष्ट दिसते. बॉक्साइटच्या खाणीसाठी गोव्ह द्वीपकल्पावरील आपली भूमी परस्पर काढून घेतली गेली तेव्हा १९६३ मध्ये यिर्रकाला येथील योल्ङुंनी संसदेला झाडाच्या सालीवर अर्ज पाठवले. मधोमध योल्ङु भाषेतला व इंग्रजीतला मजकूर आणि भोवती कुळांची चित्रे. ही चित्रेच त्यांचे भूमीविषयीचे दस्तऐवज होती. पुढे मिलिर्रपुम विरुद्ध नाबाल्को या खटल्यात १९७१ साली न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी मान्य केले की योल्ङुंकडे सूक्ष्म व विस्तृत कायदाव्यवस्था आहे. पुराव्यावरून भूमी कुळाची आहे म्हणण्यापेक्षा कुळ भूमीचे आहे म्हणणे अधिक सोपे जाते, असेही त्यांनी लिहिले. आणि नेमक्या याच आधारे योल्ङु हरले. भूमी विकण्याचा आणि इतरांना तिथून हाकलण्याचा हक्क ज्यात ठळक नाही, ती मालमत्ता नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. न्यायाधीशांना तत्त्वज्ञान समजले होते, कायद्यात मात्र त्याला जागा नव्हती.

आर्नहेम लँड ज्यात येते त्या नॉर्दर्न टेरिटरीसाठीच्या १९७६ च्या भूमिहक्क कायद्याने ही जागा काही अंशी निर्माण केली. एखाद्या स्थळाची प्राथमिक आध्यात्मिक जबाबदारी ज्या गटावर आहे तो पारंपरिक मालक, अशी त्याची व्याख्या आहे. मालकीच्या व्याख्येत जबाबदारी आली, ही मोठीच गोष्ट. १९९२ मध्ये टोरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाच्या एडी माबो आणि त्यांच्या साथीदारांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने (हेच ऑस्ट्रेलियातील सर्वांत वरचे न्यायालय) ‘ही भूमी कोणाचीच नव्हती’ हा वसाहतीचा सिद्धान्त फेटाळला आणि १९९३ चा नेटिव्ह टायटल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या परंपरागत भूमिहक्काचा, कायदा आला. तरी नाते अखंड चालू असल्याचे सिद्ध करण्याचा भार आदिवासींवरच राहिला. ज्यांना हाकलून मिशनांत कोंडले गेले त्या यॉर्टा यॉर्टा लोकांचा दावा १९९८ मध्ये इतिहासाच्या भरतीने त्यांचे मूळ नाते धुऊन नेले असे म्हणत फेटाळण्यात आला, आणि २००२ मध्ये उच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. ज्याने नाते तोडले त्यालाच तुटलेपणाचा फायदा मिळाला.

नॉर्दर्न टेरिटरीतील टिंबर क्रीक गावाच्या खटल्यात २०१९ साली न्यायालयाने भूमीशी असलेल्या नात्याच्या हानीसाठी १३ लाख डॉलर मंजूर केले. एका जागी झालेली इजा साऱ्या भूमीत पसरते हे त्यात मान्य झाले. पुढच्याच वर्षी, २४ मे २०२० रोजी, रिओ टिंटो कंपनीने वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याच्या पिल्बरा भागातील जुकान घळीतील, ४६,००० वर्षांच्या मानवी वावराच्या खुणा असलेल्या गुहा सुरुंगाने उडवल्या. पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांच्या या भूमीत सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचे मानवी केसांच्या वेणीचे अवशेष सापडले होते, आणि ते त्यांच्याच पूर्वजांचे असल्याचे जनुकीय तपासणीतून दिसले होते. स्फोटाला राज्याच्या १९७२ च्या कायद्याखाली परवानगी होती. क्वीन्सलँडमधील अदानी समूहाच्या कारमायकेल कोळसा खाणीमुळे हा प्रश्न भारतापर्यंत येऊन पोहोचतो. खाणीशी करार करण्यावरून वांगान आणि जागालिंगू समाजातच फूट पडली. विरोध करणाऱ्यांना डूंगमाबुल्ला झऱ्यांची चिंता होती. १९७१ मध्ये हरलेल्या गोव्हच्या भूमीबाबत २०२५ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने नेटिव्ह टायटल ही मालमत्ताच असल्याचे मानून भरपाईचा मार्ग मोकळा केला. दावा लावणारे गलार्‌वुय युनुपिंगू २०२३ मध्येच वारले होते. जुन्या खटल्यात ते तरुणपणी दुभाषी म्हणून उभे राहिले होते.

या नीतीचा आजचा सर्वांत जिवंत आविष्कार पश्चिम आर्नहेम लँडच्या खडकाळ पठारावर दिसतो. माणसे मिशनांत आणि गावांत गेल्यावर तिथे वेळच्या वेळी लागणारी छोटी आग थांबली आणि कोरड्या ऋतूच्या अखेरीस प्रचंड वणवे पेटू लागले. चित्रकार व जाणते बार्डायल नाजामेरेक २००२ च्या सुमारास काबुलवार्नाम्यो येथे परत राहायला गेले. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला, गवतात ओल असताना, तुकड्यातुकड्याने जाळण्याची पद्धत त्यांनी तरुणांना शिकवली. आता आदिवासी रेंजर हेलिकॉप्टर आणि उपग्रहचित्रेही वापरतात, पण कोठे आग लावायची हे त्या भूमीचे लोक ठरवतात. २००६ मध्ये सुरू झालेल्या करारानुसार २८,००० चौरस किलोमीटरवरील या कामातून वर्षाला एक लाख टन कर्बवायूइतके उत्सर्जन टाळायचे होते आणि त्याचा मोबदला डार्विन शहराजवळच्या नैसर्गिक वायू प्रकल्पाने द्यायचा होता. खनिज इंधनाच्या प्रकल्पाच्या उत्सर्जनाची भरपाई आदिवासींच्या कर्तव्यपालनातून व्हावी, हे खटकल्याशिवाय राहत नाही. कार्बनच्या उत्पन्नाच्या आधारे काबुलवार्नाम्योला मुलांची शाळाही उभी राहिली. त्यामुळे कुटुंबांना मुलांच्या शिक्षणासाठी पठार सोडावे लागत नाही, आणि आग लावायला माणसे जागेवर असतात.