घरचं ‘करणाऱ्यां’ची विद्यापीठाला ओळख कधी झाली?

‘म्हाताऱ्याचं करायला घरात कुणी नाही.’ मराठवाड्यात हे वाक्य कुठल्याही पारावर ऐकू येतं आणि काय करायला, असं कुणी उलटून विचारत नाही. उठवून बसवणं, न्हाऊ घालणं, गोळ्या देणं, रात्री दोनदा उठून बघणं, तालुक्याला दवाखान्यात नेऊन आणणं, हे सगळं त्या एका क्रियापदात मावतं. हे करणाऱ्या माणसाला मात्र आपल्या भाषेत नाव नाही आणि बहुधा म्हणूनच सरकारी कागदातही त्याला जागा नाही.

ब्रिटनमध्ये आज अशा माणसाला ‘केअरर’ म्हणतात, पण तिथेही असं नाव आधीपासून नव्हतं. आईवडिलांच्या आजारपणापायी काम सोडावं लागलेल्या मेरी वेबस्टर या धर्मोपदेशक बाईंनी १९६३ मध्ये वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं. तशाच अवस्थेतल्या बायका पुढे आल्या आणि १९६५ मध्ये अविवाहित स्त्रिया व त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांची संघटना उभी राहिली. तिथल्या नोकरदारांना घरच्यांचं करण्यासाठी वर्षाला एक आठवड्याची कायदेशीर रजा मिळाली ती एप्रिल २०२४ मध्ये, तीही बिनपगारी. आपल्याकडे गाडी वेगळ्या वाटेने गेली, आणि ती वाट कळायला आधी इथली कॉलेजं कशी आली ते बघावं लागतं.

निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या मुलाला पदवी हवी असेल तर हैदराबाद गाठावं लागे. तिथलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं. औरंगाबादेत १९२३ मध्ये इंटरमीजिएट कॉलेज आलं, पण पुढचा रस्ता हैदराबादेकडेच जायचा. मुक्तीनंतर १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढलेलं आणि पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलेलं महाविद्यालय सुरू झालं. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. तरी बीड-परभणीच्या खेड्यातल्या पोराच्या दृष्टीने शिकणं म्हणजे ट्रंक उचलून घर सोडणंच होतं. वसतिगृह, खाणावळ, ‘कमवा व शिका’ ही सगळी रचना घर मागे ठेवून आलेल्या विद्यार्थ्याचा विचार करून झाली. त्याची गरिबी तिला दिसत होती. त्याच्या मागे घरी आजीचं कोण करतंय, हे दिसायचं कारण नव्हतं, कारण ते करणारी आई, वहिनी किंवा चौथीतून काढलेली बहीण विद्यापीठापर्यंत पोचतच नव्हती.

ती पोचायला लागली ती कॉलेज तालुक्याला आल्यावर. परभणीला १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ झालं, नांदेडला १९९४ मध्ये दुसरं विद्यापीठ. मधल्या काळात शिक्षणसंस्थांनी गावोगाव कॉलेजं काढली. (त्यातल्या काहींच्या दर्जाबद्दल बोलायला वेगळा लेख लागेल.) मुली एसटीने येऊन-जाऊन शिकू लागल्या. पण घरातून शिकणं म्हणजे घर सोबत घेऊन शिकणं. सकाळचा स्वयंपाक, आजोबांची अंघोळ, भावाचा डबा आणि मग आठची गाडी. ती चुकली की पहिला तास गेला, आणि ७५ टक्के हजेरीच्या हिशेबात तो तास कुठे गेला याचं कारण लिहायची सोय नसते.

बीड, धाराशिव, जालना या भागात याला आणखी एक पदर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी, इथल्या भाषेत ‘कोयते’, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेत जाणारी लेकरं आणि एखादी कॉलेजातली मुलगी. नवऱ्याबायकोचा मिळून एक कोयता धरतात, पण मागे सबंध घर ओढणारी ही पोर कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. मजुरांच्या शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलांची ४१ आणि मुलींची ४१ अशी ८२ वसतिगृहं काढायचं शासनाने ठरवलं. चांगलंच आहे. पण धाकट्यांना वसतिगृहात जागा मिळाली तरी अंथरुणाला खिळलेल्या आजीला मिळत नाही. शिवाय तोडीचा हंगाम पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या आसपास सुरू होतो आणि दुसऱ्या सत्राच्या परीक्षेच्या सुमारास संपतो.

नियमांचा इतिहास चाळला तर एक गोष्ट पटकन नजरेत भरते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात १२ आठवड्यांची रजा होती, ती २०१७ मध्ये २६ आठवड्यांवर गेली आणि ५० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. केंद्रीय महिला कर्मचाऱ्यांना २००८ मध्ये ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली. महाराष्ट्राने जुलै २०१८ मध्ये १८० दिवस दिले. पत्नी वारलेली किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तर पुरुषालाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांची प्रसूती वा संगोपन रजा आणि मुदतीत दोन वर्षांची सवलत दिली. डिसेंबर २०२१ मध्ये पदवी-पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजा आणि हजेरीचे नियम करा, असं विद्यापीठांना कळवलं. यातलं जवळपास सगळं मांडीवरच्या लेकराभोवती फिरतं. लेकरू महत्त्वाचं आहेच, पण पक्षाघात झालेले वडील कुणाच्या मांडीवर बसत नाहीत.

त्यांच्यासाठी कायदा नाही असंही नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांचा सांभाळ करणं मुलांवर बंधनकारक केलं. त्यांना वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. सांभाळायला वेळ कुठून काढायचा, यावर तो कायदा गप्प आहे. मग आपली अर्जित रजा संपली की कार्यालयातला माणूस स्वतःच्या पाठदुखीचं सर्टिफिकेट जोडतो आणि वडिलांना डायलिसिसला नेतो. त्याला खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना तेवढीही पळवाट नाही. वरच्या सवलती मुख्यतः पूर्णवेळ नोकरीला चिकटलेल्या आहेत. यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. आई आयसीयूत असताना तास बुडाला तर त्या तासाचे पैसेही बुडाले. पदभरती रखडल्यामुळे मराठवाड्यातल्या अनेक विभागांचा गाडा याच लोकांच्या जिवावर चालतो.

घराघरातला वेळ सरकारने मोजला तो २०१९ आणि २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणांत. २०२४ मध्ये स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जात होते, पुरुषांचे ८८. घरातल्यांची देखभाल करणाऱ्यांमध्ये स्त्रिया १३७ मिनिटं देत होत्या, पुरुष ७५. म्हणजे पुरुष यात अजिबात नाहीत असं नाही. भाऊ पुण्याला कंपनीत, बहीण सासरी आणि गावात राहिलेला धाकटा एम.ए. करत बापाचं करतोय, अशी घरं इथे शोधावी लागत नाहीत. पण पीएच.डी.च्या मुदतीतली वाढीव दोन वर्षं स्त्रिया आणि दिव्यांगांनाच आहेत, त्यामुळे या धाकट्याच्या वाट्याला काही येत नाही.

छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालय आणि विद्यापीठाचं गेट एकमेकांपासून फार लांब नाहीत. घाटीत ‘पेशंटपाशी कोण आहे?’ असं विचारलं जातं आणि कुणीतरी हात वर करतं. विद्यापीठाच्या बाजूला प्रवेशअर्जात जात, उत्पन्न, वडिलांचा व्यवसाय, सगळं विचारतात. घरी कुणाचं करावं लागतं का, असा रकाना मी अजून पाहिलेला नाही.