पलटणीतून पार्कात: माजी सैनिक वनरक्षकांची पार्श्वभूमी

माजी सैनिक आणि निवृत्त वनरक्षक अशी दुहेरी ओळख असलेला माणूस गेला, की शोकसभेत बहुतेक वेळ पलटणीच्या आठवणींत जातो. पोस्टिंग कुठे होतं, लढाई पाहिली का, पदकं कोणती. पुढच्या नोकरीबद्दल एखादंच वाक्य येतं, ‘नंतर नॅशनल पार्कात होते,’ म्हणजे मुंबईतल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. मला हे फार अपुरं वाटतं. बोरिवली, मुलुंड, येऊर भागात राहणाऱ्यांवर त्या दुसऱ्या नोकरीचे उपकार आहेत आणि तिची मुळं बरीच जुनी आहेत.

सैनिकाने जंगल राखायचं, ही प्रथा राष्ट्रीय उद्यानाच्या कल्पनेइतकीच जुनी म्हणता येईल. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन उद्यान जाहीर झालं, पण शिकारी आणि लाकूडतोडे काही आवरेनात. शेवटी १८८६ मध्ये तिथे घोडदळ आणावं लागलं आणि ते १९१८ पर्यंत राहिलं. सेक्वोया उद्यानात १९०३ साली कॅप्टन चार्ल्स यंग या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याने आपल्या जवानांकडून महावृक्षांपर्यंतचा रस्ता पुरा करून घेतला. तिथल्या रेंजरच्या डोक्यावरची रुंद काठाची टोपीसुद्धा मूळची लष्करीच.

आपल्याकडची वाट वेगळी. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाले, १८६४ मध्ये देशभरासाठी वनखातं उभं राहिलं. त्या काळी जंगल राखणं म्हणजे मुख्यतः सरकारचं सागवान राखणं. खाकीतला गार्ड दिसला की आदिवासी पाड्यावर धाक पसरायचा. ही बाजूही सांगायलाच हवी, कारण पुढे पार्कात आलेल्या प्रत्येक गार्डला तो जुना अविश्वास वारशाने मिळाला. वारली किंवा महादेव कोळी पाड्यावर चहा मिळू लागण्याआधी त्याला बराच काळ घालवावा लागे.

बोरिवलीचं जंगल टिकलं त्यात पाण्याचा वाटा मोठा. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये. शहराची तहान या डोंगरांवर अवलंबून, म्हणून भोवतालची झाडी राखली गेली. आज शंभर चौरस किलोमीटरहून थोडं अधिक असलेल्या या उद्यानाला भोवतालची वस्ती भिडली आहे.

माजी सैनिक इथे येतात त्यामागे साधं गणित आहे. अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आतच घरी येतो. पोरं शाळेत असतात, अंगात ताकद असते, आणि सरकारी भरतीत माजी सैनिकांना समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच काही राखीव जागा, असतं. रात्रीची गस्त, माग काढणं, वायरलेसवर मोजकं बोलणं हे त्याला नव्याने शिकवावं लागत नाही. लष्करानेही या माणसांचा उपयोग ओळखला. प्रादेशिक सेनेची (टेरिटोरियल आर्मी) माजी सैनिकांची पहिली पर्यावरण बटालियन १९८२ मध्ये देहरादूनला उभी राहिली. मराठवाड्यात झाडं लावण्यासाठी महार रेजिमेंटशी जोडलेली अशीच बटालियन २०१७ मध्ये आली.

नियतक्षेत्रावरचं, म्हणजे वनरक्षकाला नेमून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यावरचं, काम मात्र बातमीत येत नाही. पायवाटेलगत, झुडपाच्या बुंध्याला दुचाकीच्या क्लचची तार बांधून केलेला फासा असतो. रानडुकरासाठी लावलेला, पण त्यात बिबट्याही अडकतो. तार गंजलेली असली तर पाचोळ्यात दिसतसुद्धा नाही. वाकून, काठीने गवत बाजूला सारत चालावं लागतं. फेब्रुवारीत जाळरेषा काढायच्या, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा करायचा. वाऱ्याचा अंदाज चुकला की हीच आग अंगावर येते. ओढ्याकाठच्या हातभट्ट्या फोडायच्या त्या वेगळ्याच.

दोन काळ या माणसांना विशेष जड गेले. एका जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला आणि उद्यानातल्या हजारो झोपड्या तुटल्या. घरं कष्टकऱ्यांची होती, आणि समोर उभा राहणारा गार्डही बहुधा चाळीतलाच. दुसरा काळ २००४ चा. त्या जूनमध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांत एकापाठोपाठ बळी गेले. बाहेरून पकडून आणलेले बिबटे इथे सोडण्याशी अभ्यासकांनी या हल्ल्यांचा संबंध जोडला. लोक संतापले होते, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचं काम खालच्या कर्मचाऱ्यांचं. पिंजऱ्याऐवजी लोकांशी बोलण्यावर भर देणारा उपक्रम २०११ मध्ये सुरू झाला, तेव्हा पाड्यापाड्यावर ओळख असलेले हेच वनरक्षक कामी आले.

कामावर असताना मरण आलेल्यांसाठी ११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वनशहीद दिन आहे. निवृत्त होऊन घरी वारलेल्यांची नोंद त्यात होत नाही. त्यांच्या कपाटात फिरतीच्या दैनंदिन्या असतील, तर घरच्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. कुठला पाणवठा कधी आटला, माग कुठे दिसला, वणवा कुठून शिरला हे त्यांत तारखेनिशी लिहिलेलं असतं.