गाडी दाखवायला आणताना रिमोटही आणावा

(रिमोट कंट्रोल गाड्यांच्या ईएससी कॅलिब्रेशनबद्दल आमच्या ग्राहकांसाठी. ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर.)

"चालू केली की आपोआप पुढे सरकते." "ट्रिगर सोडला तरी चाकं थांबत नाहीत." "रिव्हर्स गेलाय." यातली एखादी तक्रार घेऊन दुकानात सारख्या गाड्या येतात, आणि ग्राहकाने निदानही घरूनच करून आणलेलं असतं: ईएससी उडाला, नवीन द्या. विकायला आमची ना नाही. पण बहुतेक वेळा ईएससी धडधाकट असतो, फक्त त्याचं कॅलिब्रेशन बिघडलेलं असतं. आणि ते तपासायला लागणारी वस्तू, म्हणजे तुमचा रिमोट, घरी कपाटात असते.

"तुमच्या रिमोटवर चालवून बघा ना." हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. एक तर एका कंपनीचा रिसीव्हर (गाडीतला, रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग) दुसऱ्या कंपनीच्या रिमोटला सहसा बाइंड होत नाही, म्हणजे जोडला जात नाही. दुसरं, आमचा रिसीव्हर लावून आमच्या रिमोटवर कॅलिब्रेशन केलं, तर गाडी टेबलावर छान चालते, तुम्ही खूश होऊन घरी जाता, आणि संध्याकाळी फोन येतो की पुन्हा सरकतेय. सरकणारच. त्याचं कारण असं.

रिसीव्हर ईएससीला सेकंदाला साधारण ५० पल्स (विजेचे ठोके) पाठवतो. ट्रिगर मोकळा असताना पल्स अंदाजे १५०० मायक्रोसेकंदांची असते. पूर्ण ओढला की एका टोकाला २००० च्या आसपास, ब्रेककडे ढकलला की दुसऱ्या टोकाला १००० च्या आसपास. यातलं 'आसपास' महत्त्वाचं. प्रत्येक रिमोटचा मध्य आणि टोकं थोडी इकडेतिकडे असतात. कॅलिब्रेशन म्हणजे ईएससीला 'या रिमोटचा मध्य इथे, टोकं इथे' एवढंच शिकवणं. तुमच्या रिमोटचा मध्य समजा १५४० ला असेल, तर आमच्या रिमोटवर शिकवलेला ईएससी त्याला मध्य मानत नाही, त्याला तो हलकासा थ्रॉटल (पुढे जाण्याचा इशारा) वाटतो.

आता ज्या चुकीत तुमचा रविवार आणि आमचा सोमवार जातो, ती चूक. गाडी सरकायला लागली की हात पहिला जातो रिमोटवरच्या थ्रॉटल ट्रिमकडे, म्हणजे मध्य थोडा इकडेतिकडे सरकवणाऱ्या खुंटीकडे किंवा बटणाकडे. ट्रिम फिरवली, गाडी थांबली, समाधान. पुढच्या रविवारी बॅटरी वेगळी, गाडी पुन्हा थोडी सरकते, अजून थोडी ट्रिम. मग कुणीतरी सांगतं कॅलिब्रेशन कर. ते होतं ट्रिम तशीच एका बाजूला असताना. ईएससी बिचारा तोच वाकडा मध्य पाठ करतो. महिन्याभराने घरातलं कुणीतरी रिमोट हाताळताना ट्रिम जागेवर येते, आणि गाडी पुन्हा सरकते किंवा चालूच होत नाही. म्हणून कॅलिब्रेशनला बसण्याआधी थ्रॉटल ट्रिम शून्यावर आणा, थ्रॉटलचा ईपीए (टोकं किती दूर जावीत ते ठरवणारी सेटिंग; रिमोटवर एटीएल असेल तर तेही) दोन्ही बाजूंना १०० टक्के करा, रिमोटमध्ये एबीएस (ब्रेक तुटक तुटक लावणारी सोय) असेल तर बंद करा. फुटाबा कंपनीचा रिमोट असेल तर थ्रॉटल चॅनलची दिशा रिव्हर्सवर ठेवावी लागते, हेही बरेच जण विसरतात.

ईपीएची एक गंमत. एक बाबा आठ वर्षांच्या मुलासाठी घेतलेली गाडी घेऊन आले होते. वेग कमी राहावा म्हणून त्यांनी थ्रॉटल ५० टक्क्यांवर आणला आणि मग शिस्तीत कॅलिब्रेशन केलं. झालं काय, ईएससीने त्या ५० टक्क्यांनाच पूर्ण थ्रॉटल मानलं. गाडी पूर्ण वेगाने सोसायटीच्या भिंतीवर गेली आणि पुढचा खालचा आर्म (चाक धरणारा दांडा) तुटला. (तो आम्ही विकला, नाकारत नाही.) क्रम उलटा हवा: आधी १०० वर कॅलिब्रेशन, त्यानंतर ईपीए खाली. मग गाडी खरोखर हळू धावते.

प्रत्यक्ष कृती. हॉबीविंग कंपनीच्या क्विकरन मालिकेत सेट बटण असलेले जे ब्रशलेस (ब्रश नसलेल्या मोटरचे) ईएससी आम्ही जास्त विकतो, त्यांचं सांगतो. गाडी स्टँडवर, चाकं हवेत. रिमोट आधी चालू. सेट दाबून धरा, ईएससीचा स्विच चालू करा, लाल दिवा लुकलुकला की बटण लगेच सोडा. ट्रिगर मोकळा ठेवून सेट दाबा, हिरवा दिवा एकदा. ट्रिगर पूर्ण ओढून धरा, सेट दाबा, हिरवा दोनदा. पूर्ण ढकलून धरा, सेट, तीनदा. झालं.

'लगेच सोडा' हे उगाच लिहिलेलं नाही. तीनेक सेकंद जास्त धरलं तर ईएससी प्रोग्रॅमिंगमध्ये शिरतो. तिथली पहिलीच गोष्ट रनिंग मोड, म्हणजे रिव्हर्स असावा की नसावा. गोंधळून अजून दोन-तीनदा बटण दाबलं की 'फक्त पुढे आणि ब्रेक' निवडला जातो आणि रिव्हर्स गायब. असं झाल्यासारखं वाटलं तर बटण दाबत राहू नका. स्विच बंद करा, पहिल्यापासून सुरू करा.

रिव्हर्सच्या उरलेल्या बऱ्याच तक्रारींत काहीच बिघडलेलं नसतं. पहिल्यांदा ट्रिगर ढकलला की तो ब्रेक असतो. मोकळा सोडून पुन्हा ढकलला की रिव्हर्स.

त्याच मालिकेतल्या, ब्रश मोटरवाल्या १०६० या ईएससीला सेट बटणच नाही, तो चालू होताना स्वतःच मध्य ओळखतो. त्यामुळे स्विच चालू करताना ट्रिगरवरून बोट काढा आणि लांब बीप येईपर्यंत तीन सेकंद थांबा. त्याआधी येणारे छोटे बीप मोजा. दोन आले तर त्याने २एस लायपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी) ओळखली. लायपो लावूनही एकच आला, तर जंपर (बॅटरीचा प्रकार निवडणारी ईएससीवरची छोटी टोपी) निकेलच्या बॅटरीवर राहिलाय, आणि मग लायपो गरजेपेक्षा खाली उतरून खराब होते. दुसऱ्या कंपन्यांचा क्रम वेगळा असतो. काहींत मध्य सगळ्यात शेवटी शिकवतात. आपल्या ईएससीचा कागद टाकून देऊ नका, हरवला असेल तर मॉडेल सांगा, आम्ही छापून देतो.

सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर अगदी हळू निघताना अडखळते, तो कॅलिब्रेशनचा दोष नाही. खेळण्याच्या दुकानातल्या गाड्यांत रिसीव्हर आणि ईएससी एकाच पट्टीवर असतात, त्यात कॅलिब्रेशन करण्यासारखं काही नसतं.

काम झाल्यावर चाकं हवेतच ठेवून, ट्रिगर थोडा ओढलेला असताना रिमोट बंद करून पाहा. चाकं थांबली पाहिजेत. नाही थांबली तर फेलसेफ (सिग्नल गेला की गाडी थांबवणारी सेटिंग) लावायचा राहिलाय, तशी गाडी रस्त्यावर काढू नका. या चाचणीचा अपवाद सोडून एरवी गाडी आधी बंद करायची, रिमोट नंतर.

आमच्याकडून घेतलेल्या गाडीचं कॅलिब्रेशन कायम फुकट. बाहेरच्या गाडीचे १५० रुपये. "बटणच तर दाबायचं" असं काहींना वाटतं. दाबायला दोन मिनिटं लागतात हे खरं, पण त्याआधी ट्रिम, ईपीए, प्लग, बॅटरीचे सेल, पिनियनचा मेश (मोटरवरच्या छोट्या दातेरी चाकाचे दाते नीट बसलेत का) सगळं पाहतो, आणि नवा ईएससी लागत नसेल तर तसं तोंडावर सांगतो. गाडीचा लाकडी स्टँड आमच्याकडे २५० ला आहे. दोन जाडजूड पुस्तकांवर ठेवलीत तरी आमची हरकत नाही.

गाडी कुरिअरने पाठवणाऱ्यांनी लायपो काढून घ्यावी, रिमोटमधले सेलही काढावेत, पण रिमोट पाठवावाच. आणि ट्रिमची खुंटी किंवा बटण पाठवण्याआधी मध्यावर आणू नका. ती कुठे सरकलीय हे पाहिलं की पार्सल उघडतानाच निम्मं निदान झालेलं असतं.