पार्श्वभूमी : खेळ अडीच तासांचा, बडबड दिवसभराची

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. आपल्याकडे सकाळचे साडेदहा होऊन गेले होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नुकतीच मध्यरात्र उलटली होती. ईएसपीएन या अमेरिकी क्रीडावाहिनीचा बातमीदार शम्स चरानिया याने बातमी टाकली : एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या डलास मॅव्हरिक्सने लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला दिला, बदल्यात अँथनी डेव्हिस घेतला. वाचणाऱ्यांना वाटलं, याचं खातं कुणीतरी हॅक केलंय. शेवटी त्यालाच लिहावं लागलं की हो, हे खरं आहे.

डॉन्चिच तेव्हा २५ वर्षांचा. आठ महिन्यांपूर्वी याच पोराने डलासला एनबीएच्या अंतिम फेरीत नेलं होतं. पण बातमी शिळी व्हायच्या आत तिच्यावर दुसरा थर चढला : डलासच्या व्यवस्थापनाला म्हणे त्याच्या फिटनेसची, वजनाची काळजी होती. सांगणारे कोण, तर ‘सूत्रं’. शनिवारचा हिरो रविवारी एकदम जाडा झाला. ही सूत्रं बहुतेक वेळा सौद्यात हात असलेल्यांपैकीच कुणीतरी असतात, हे एनबीए नेमाने बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. तरीही ‘सोशल मीडिया आला आणि सगळं बिघडलं, पूर्वी बरं होतं’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पूर्वी बरं वगैरे काही नव्हतं. पैसे मोजणारा वेगळा होता, इतकंच.

सुरुवातीला तो होता हॉलचा मालक. ६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी ही लीग काढली, त्यांतल्या बहुतेकांच्या ताब्यात आइस हॉकीचे मोठे हॉल होते. हॉकी नसेल त्या रात्री हॉल रिकामा पडू नये, हा साधा हिशेब. तीन वर्षांनी दुसरी एक लीग पोटात घेऊन तिचं नाव एनबीए झालं. तिकिटं खपायची तर गावाला संघ आपला वाटायला हवा, आणि ते काम रेडिओचं. बॉस्टन सेल्टिक्सचा जॉनी मोस्ट १९५३ ते १९९० माइकवर होता. घोगरा आवाज, आणि निष्ठा अशी की त्याच्या समालोचनात सेल्टिक्सचा माणूस कधी फाउल करतच नसे, त्याच्यावर अन्याय होई. वॉशिंग्टनच्या रिक मॅहॉर्न आणि जेफ रुलंड या धटिंगण जोडीला त्याने ‘मॅकफिल्थी आणि मॅकनॅस्टी’ अशी नावं ठेवली. आपल्याकडे घाणेरडे पाटील आणि ओंगळ पाटील म्हणावं तशी. गल्ली क्रिकेटमध्ये बॅटिंग करणाऱ्यांचाच अंपायर असतो आणि ते सगळ्यांना माहीत असतं, त्यातला हा प्रकार. मला तो फारसा खुपत नाही. ऐकणारा फसत नव्हता.

खुपतो तो १८ एप्रिल १९६६ चा प्रसंग. सेल्टिक्स लेकर्सविरुद्ध अंतिम फेरीतला पहिला सामना हरले होते. प्रशिक्षक रेड अवरबाख निवृत्त होणार हे ठरलेलं होतं. त्याने नेमका तो मुहूर्त साधून आपला वारस जाहीर केला : बिल रसेल. दुसऱ्या दिवशी मथळे लेकर्सच्या विजयाचे यायचे ते रसेलचे आले. बातमी कशी पळवायची हे अवरबाखला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या पत्रकार परिषदेत एका बातमीदाराने रसेलला विचारलं की, मोठ्या लीगमधला पहिला निग्रो प्रशिक्षक म्हणून तुम्ही उलट बाजूने वंशभेद न करता निःपक्षपाती काम करू शकाल का? रसेल म्हणाला, हो. एवढंच. तोवर कुठल्याही गोऱ्या प्रशिक्षकाला कृष्णवर्णीय खेळाडूंबद्दल हा प्रश्न विचारल्याचं ऐकिवात नाही. विचारणाऱ्याला बहुधा आपण काही वावगं विचारतोय असं वाटलंही नसेल.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी लीगची अवस्था वाईट होती. खेळाडूंत कृष्णवर्णीय बहुसंख्य, प्रेक्षक आणि जाहिरातदार बहुतांश गोरे, आणि दोघांच्या मध्ये वृत्तपत्रं. ९ डिसेंबर १९७७ ला लेकर्सच्या कर्मिट वॉशिंग्टनने ह्यूस्टनच्या रुडी टॉमजानोविचला असा ठोसा मारला की त्याचा चेहराच मोडला. मारणारा काळा, पडणारा गोरा. ती फीत टीव्हीवर पुन्हा पुन्हा फिरली. ऑगस्ट १९८० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने छापलं की एनबीएतले ४० ते ७५ टक्के खेळाडू कोकेन घेतात. हा आकडा नव्हता, अंदाज होता. आणि ज्या अंदाजाची दोन टोकं इतकी लांब असतात तो करणाऱ्याला काहीच ठाऊक नसतं. पण लोकांच्या डोक्यात ७५ राहिले. त्याच वर्षी १६ मे रोजी मॅजिक जॉन्सनने, पहिल्याच मोसमात, जखमी करीम अब्दुल-जब्बारच्या जागी सेंटर म्हणून, म्हणजे बास्केटजवळच्या उंच माणसाच्या जागी, उभं राहून ४२ गुण, १५ रिबाउंड (हुकलेले चेंडू पकडणं) आणि ७ असिस्ट (दुसऱ्याच्या गुणांसाठी दिलेले पास) केले आणि लेकर्सला विजेतेपद मिळवून दिलं. अमेरिकेतल्या बहुतेक लोकांनी तो सामना रात्री साडेअकराला, सीबीएसवर, रेकॉर्डिंग म्हणून पाहिला. कोकेनची बातमी पहिल्या पानावरची आणि खेळ मध्यरात्रीचा, अशी विभागणी होती.

यातून बाहेर काढलं ते एका जोडीने. २६ मार्च १९७९ ला महाविद्यालयीन अंतिम सामन्यात मॅजिक आणि लॅरी बर्ड समोरासमोर आले होते. पुढे एक लेकर्सकडे गेला, दुसरा सेल्टिक्सकडे. टीव्हीला आयतीच गोष्ट मिळाली : पूर्व-पश्चिम, कारखाना-हॉलिवूड, आणि ओठांत ठेवलेलं पण सगळ्यांना ऐकू येणारं गोरा-काळा. १९८४ मध्ये आयुक्त झालेल्या डेव्हिड स्टर्नने संघांपेक्षा चेहरे विकायला घेतले. लीगची भरभराट झाली. त्याबरोबर खेळाचं वर्णन करायची भाषाही पक्की झाली.

ती भाषा कशी होती हे १९८७ मध्ये एका माणसाने बोलून दाखवलं आणि बोलल्याबद्दल जन्मभर ऐकून घेतलं. डेट्रॉइट पिस्टन्स बॉस्टनकडून सातव्या सामन्यात हरले. नवखा डेनिस रॉडमन चिडून म्हणाला की बर्ड गोरा आहे म्हणून त्याचा इतका उदोउदो होतो. कर्णधार आयझेया थॉमसने री ओढली : बर्ड काळा असता तर चारचौघांसारखाच एक चांगला खेळाडू म्हटला गेला असता. देशभर गदारोळ. पुढे बर्डला शेजारी बसवून पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि थॉमसने सांगितलं, मी गमतीत बोललो होतो. बर्डबद्दलचं ते वाक्य चूकच होतं, बर्ड अफाट होता. पण थॉमसने ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला त्यापुढचं जे सांगितलं ते मथळ्यात मावलं नाही : बर्डने काही भारी केलं की त्याचं डोकं, त्याची मेहनत, आम्ही केलं की आम्ही नुसते पळतो आणि उड्या मारतो, जणू जन्मल्यापासून तेवढंच येतं. तक्रार समालोचकांबद्दल होती. छापून आलं ते भांडण. पक्षपाताविषयीची बातमीच भडकपणाने गिळली.

एक वर्ष मागे जायला हवं, कारण यातला सर्वांत महाग प्रसंग तिथे आहे आणि तो मैदानावर घडलेला नाही. १७ जून १९८६ ला सेल्टिक्सने मेरीलँड विद्यापीठाच्या लेन बायसला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. २२ वर्षांचा, बर्डनंतरचा सेल्टिक्सचा चेहरा म्हणून पाहिलेला मुलगा. दोन दिवसांनी सकाळी तो वसतिगृहात कोसळला आणि गेला. कोकेन. वृत्तपत्रांत तेव्हा ‘क्रॅक’ची साथ चालू होती, क्रॅक म्हणजे ओढायचं स्वस्त कोकेन, गरीब काळ्या वस्त्यांशी जोडलेलं. बायसच्या मृत्यूलाही क्रॅकचंच लेबल चिकटलं. पुढे खटल्यात त्याच्याबरोबर त्या रात्री असलेल्या सहकाऱ्याने साक्ष दिली ती नाकाने ओढलेल्या पावडरची. पण तोवर उशीर झाला होता. प्रतिनिधिगृहाचे सभापती टिप ओनील बॉस्टनच्या बाजूचे. तिथे या मृत्यूखेरीज दुसरा विषय नव्हता, आणि नोव्हेंबरात निवडणुका होत्या. २७ ऑक्टोबर १९८६ ला रेगन यांनी सही केली तो कायदा असा : पावडर ५०० ग्रॅम असेल तर किमान पाच वर्षं कैद, क्रॅक मात्र ५ ग्रॅमलाच पाच वर्षं. शंभरास एक. हे प्रमाण अठरास एक व्हायला २०१० उजाडलं. कायद्यामागे इतर कारणंही होती, सगळं पाप बातमीदारांच्या माथी मारता येणार नाही. पण चार महिन्यांत एवढा कायदा होतो, तेव्हा ती घाई कुठून आली हे त्या उन्हाळ्यातले मथळे बघितले की कळतं.

शिकागो बुल्सच्या मायकेल जॉर्डनचं प्रकरण त्यामानाने सर्वांना माहीत आहे. मे १९९३ मध्ये न्यूयॉर्कविरुद्धच्या सामन्याआधी तो अटलांटिक सिटीच्या कसिनोत गेला होता ही खरी बातमी होती. जुलैमध्ये त्याच्या वडिलांचा खून झाल्यावर काहींनी कसलाही पुरावा नसताना जुगाराचा धागा तिथपर्यंत ओढला, ती बातमी नव्हे. पुढच्या वर्षी तो बेसबॉल खेळू लागला तेव्हा ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ने मुखपृष्ठावरून त्याला गाशा गुंडाळायला सांगितलं. त्यानंतर जॉर्डन त्या साप्ताहिकाशी बोललाच नाही.

मग चोवीस तासांची वाहिनी मोठी झाली. ईएसपीएन सुरू झालं ७ सप्टेंबर १९७९ ला, पण त्याचं आजचं रूप नव्वदनंतरचं. सामना अडीच तासांचा. उरलेले साडेएकवीस तास काय दाखवायचं? वार्ताहर पाठवणं खर्चाचं, दोन माणसं टेबलाशी बसवून भांडायला लावणं स्वस्त. २००३ चा ‘कोल्ड पिझ्झा’ हा सकाळचा गप्पांचा कार्यक्रम २००७ मध्ये ‘फर्स्ट टेक’ झाला आणि पुढे निव्वळ वादावर चालू लागला : स्किप बेलेस एका बाजूला, स्टीफन ए. स्मिथ दुसऱ्या बाजूला, आणि वादाचा विषय खेळाडू लेब्रॉन जेम्स. आपल्या वृत्तवाहिन्यांवरची संध्याकाळची चर्चा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे व्याकरण नवं नाही. ८ जुलै २०१० ला लेब्रॉन कुठल्या संघात जाणार हे एक वाक्य सांगायला ईएसपीएनने तासभराचा कार्यक्रम केला. जवळजवळ एक कोटी लोकांनी तो पाहिला. बातमी देणारा आणि बातमीचा विषय यांनी मिळून कार्यक्रम केला, हे त्यातलं अवघड दुखणं. लोक मात्र लेब्रॉनवरच चिडले.

या बडबडीत प्रत्यक्ष पैसाही अडकलेला आहे, हे बाहेरून लक्षात येत नाही. मोसमातला सर्वोत्तम खेळाडू १९७९-८० पर्यंत खेळाडू स्वतः निवडत; त्यानंतर ते मत पत्रकार आणि समालोचकांकडे गेलं. ‘ऑल-एनबीए’ संघ, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंचे मानाचे संघ, तेही तेच निवडतात. काही तरुण खेळाडूंच्या करारात या निवडीवर पगार ठरतो. २०२१ मध्ये सेल्टिक्सचा जेसन टेटम या संघांत बसला नाही आणि त्याच्या कराराचे तीन कोटी डॉलरहून जास्त गेले. ज्यांनी त्याच्याविषयी लिहायचं, त्यांच्याच हाती त्याच्या पगाराची चिठ्ठी. काही वृत्तपत्रं आपल्या माणसांना मत द्यायला मनाई करतात ती याचसाठी.

२०२३ मध्ये ‘फर्स्ट टेक’वर माजी खेळाडू केंड्रिक पर्किन्सने सर्वोत्तम खेळाडूच्या किताबावरच्या निकोला योकिचच्या दाव्याच्या संदर्भात मतदारांच्या वंशाचा मुद्दा काढला आणि ८० टक्के मतदार गोरे आहेत असं ठोकून दिलं. मतदारांची यादी जाहीर असते. वाहिनीला दुसऱ्या दिवशी ते विधान दुरुस्त करावं लागलं. समोर बसलेला जे. जे. रेडिक तिथेच म्हणाला की हा कार्यक्रम मुळात नसलेल्या गोष्टी रचतो. गंमत अशी की ती चकमक त्याच कार्यक्रमाची खूप फिरलेली फीत ठरली.

मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याची देशव्यापी बंदी उठवल्यावर नवा गिऱ्हाईक आला. जून २०२३ च्या ड्राफ्टच्या दिवशी चरानियाने लिहिलं की दुसऱ्या क्रमांकासाठी स्कूट हेंडरसनचं नाव जोर धरतंय. सट्ट्याचे भाव तत्काळ हलले. निवड झाली ब्रँडन मिलरची. चरानिया तेव्हा फॅनड्युएल या सट्टा कंपनीशीही करारबद्ध होता. त्याच्या बातम्या आम्हाला आधी कळत नाहीत, असं कंपनीने सांगितलं, आणि ते खोटं मानायला आधार नाही. पण ज्या खुर्चीत बसून हे लिहिलं जातं ती कुणाची, हा प्रश्न उरतोच. २०२५-२६ पासूनच्या ११ वर्षांसाठी डिस्ने, एनबीसी आणि अ‍ॅमेझॉन लीगला सुमारे ७६ अब्ज डॉलर देणार आहेत. डिस्ने म्हणजे ईएसपीएनची मालक.

या खुर्चीचा एक धागा वरळीपर्यंत येतो. ४ ऑक्टोबर २०१९ ला एनएससीआय डोममध्ये भारतातला पहिला एनबीए सामना झाला, इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रॅमेंटो किंग्ज. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. पहिल्या दिवशी सुमारे तीन हजार शाळकरी मुलं बघायला बसवली होती आणि जादा वेळेत पेसर्स एका गुणाने जिंकले. दुसऱ्या दिवशी तिथेच दुसरा सामना. या दोन सामन्यांच्या मधल्या काही तासांत ह्यूस्टन रॉकेट्सचा व्यवस्थापक डॅरिल मोरी याने हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारं ट्वीट केलं आणि काढूनही टाकलं. चीनच्या सरकारी वाहिनीने एनबीएचं प्रक्षेपण थांबवलं. त्या आठवड्यात ईएसपीएनमधला एक अंतर्गत निरोप बाहेर फुटला. लेब्रॉनच्या एका वाक्यावर तीन दिवस काढणाऱ्या वाहिनीने आपल्या लोकांना सांगितलं होतं की चीन आणि हाँगकाँगच्या राजकारणात शिरू नका, बास्केटबॉलपुरतं बोला.