लाळग्रंथीची गाठ : दुसऱ्या मतासाठी येण्यापूर्वी

कानाजवळ किंवा जबड्याखाली गाठ आलेल्या रुग्णांचे नातेवाईक आमच्या नागपूरच्या धंतोलीतील पॅथॉलॉजी लॅबमध्ये बहुधा हेच विचारतात, की घरात कोणी खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खात नसताना लाळग्रंथीचा कॅन्सर कसा होईल. खर्र्यामुळे तोंडाचा कॅन्सर होतो हे विदर्भात नव्याने सांगायला नको; मात्र लाळग्रंथीच्या कॅन्सरचा तंबाखूशी तितका घट्ट संबंध आढळलेला नाही. डोके किंवा मानेला पूर्वी दिलेले रेडिएशन धोका वाढवते, पण बहुतेक रुग्णांत कारण सापडतच नाही.

हा आजार दुर्मीळ आहे. जगभरात २०२० साली याचे सुमारे ५३ हजार नवे रुग्ण नोंदले गेले, म्हणजे लाखामागे एकाहूनही कमी. तो बहुधा पन्नाशी-साठीनंतर आणि पुरुषांत थोडा अधिक दिसतो, तथापि तरुणांना आणि क्वचित मुलांनाही होतो. कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीतील बहुसंख्य गाठी साध्या असतात. जबड्याखालच्या ग्रंथीत कॅन्सरचे प्रमाण निम्म्याच्या जवळ जाते आणि जिभेखालच्या ग्रंथीतील बहुतेक गाठी कॅन्सरच्याच निघतात. गाठीसोबत चेहऱ्याची एक बाजू लुळी पडत असेल, तर एक दिवसही थांबू नये.

रुग्ण थोडे असले तरी या कॅन्सरचे वीसहून अधिक प्रकार आहेत, त्यांतील काही एकमेकांशी फार मिळतेजुळते दिसतात आणि उपचार प्रकारानुसार बदलतात. म्हणूनच दुसरे मत घेणे योग्य आहे. परंतु गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाटहून येणारी मंडळी अनेकदा केवळ छापील रिपोर्ट किंवा मोबाइलमधील त्याचा फोटो आणतात, आणि आम्हाला त्यांना परत पाठवावे लागते. रिपोर्टचा कागद वाचून आम्ही मत देत नाही, याचा काहींना राग येतो. मात्र त्या कागदावर दुसऱ्या डॉक्टरांचा निष्कर्ष असतो, गाठीच्या पेशी नसतात. त्या पाहिल्याविना सही करणे आम्हाला मान्य नाही.

ज्या लॅबमध्ये पहिली तपासणी झाली, तेथून स्लाइड (काचपट्टीवरचे गाठीचे पातळ काप) आणि मेणाचे ब्लॉक (मेणात जतन केलेले गाठीचे तुकडे) दोन्ही मागून घ्यावेत. केवळ स्लाइड आणल्यास इम्युनोच्या तपासणीची (ब्लॉकमधून नवे काप घेऊन पेशींतील विशिष्ट प्रथिने शोधण्याची) गरज पडताच पुन्हा गावी जावे लागते. सोबत सोनोग्राफी किंवा एमआरआयचा रिपोर्ट आणि शस्त्रक्रिया झाली असल्यास तिची नोंद आणावी, कारण गाठ कोणत्या ग्रंथीतून निघाली हे आम्हाला ठाऊक हवे. ब्लॉक आम्ही पावती देऊन ठेवून घेतो, काम होताच परत करतो आणि रिपोर्ट देताना तो नातेवाइकांना मराठीत समजावून सांगतो; त्यासाठी वेगळे शुल्क नाही.