शेजारचे दोन सेल जुळत नाहीत: रो डिफरन्सेस की कंडिशनल फॉरमॅटिंग?

सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब घ्या. एक्सेलमध्ये बी स्तंभात प्रत्येक फ्लॅटची देय रक्कम आहे, शेजारी सी स्तंभात बँकेत जमा झालेली. न जुळणाऱ्या रकमा रंगवायच्या आहेत. याला दोन रस्ते आहेत. दोन्हींनी रंग सारखाच दिसतो, म्हणून ते एकच वाटतात.

पहिला रस्ता झटपट. बी2पासून सीच्या शेवटच्या ओळीपर्यंत ओढून निवडायचं आणि कंट्रोल धरून बॅकस्लॅश दाबायचा. एफ5, मग स्पेशल, मग ‘रो डिफरन्सेस’ असं गेलात तरी तेच. सीमधले वेगळे सेल तेवढे निवडलेले उरतात, त्यांना लगेच रंग द्या; मध्येच कुठे क्लिक झालं की निवड गेली. ओढायला सीपासून सुरुवात केलीत तर सी प्रमाण ठरतो आणि बीमधले सेल उठतात.

दुसऱ्यात आधी बी2पासून खालपर्यंत दोन्ही स्तंभ निवडायचे आणि कंडिशनल फॉरमॅटिंगच्या, म्हणजे अट जुळली की सेल आपोआप रंगवणाऱ्या सोयीच्या, नव्या नियमात सूत्र लिहायचं: बरोबरचं चिन्ह, बी2, मग <>, मग सी2, आणि दोन्ही अक्षरांआधी डॉलर, म्हणजे =$B2<>$C2. निवड पहिल्या ओळीपासून आणि सूत्र दुसऱ्या ओळीचं, असं झालं तर सगळे रंग एक ओळ सरकतात. हा नियम मात्र जागा असतो. रक्कम दुरुस्त केली की रंग आपोआप जातो. पहिल्या रस्त्याचा रंग दुरुस्तीनंतरही तसाच राहतो, आणि पुढच्या महिन्यात तो कशाचा होता हे कुणालाच आठवत नाही.

पण खरा फरक तुलना कशाची होते यात आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. कंडिशनल फॉरमॅटिंगचं आपलं सूत्र उत्तर बघतं. रो डिफरन्सेस सेलमध्ये काय लिहिलंय ते बघतं. बीमध्ये नुसते 2500 आणि सीमध्ये 2000 अधिक 500 असं सूत्र असेल, तर नियम गप्प बसतो, रो डिफरन्सेस मात्र सेल पकडतं.

हिशेब तपासणाऱ्याला हेच हवं असतं. थकबाकीच्या स्तंभात सगळीकडे सूत्र आहे आणि एका सेलमध्ये कुणीतरी थेट आकडा टाकलाय; आज तो बरोबरही असेल, उद्या देय रक्कम बदलली तरी तो हलणार नाही. योग्य सूत्राच्या सेलपासून स्तंभ निवडा आणि कंट्रोल, शिफ्ट, बॅकस्लॅश दाबा. हे ‘कॉलम डिफरन्सेस’. ओळीगणिक सरकलेलं सूत्र ते एकच मानतं, म्हणून तो परका आकडा तेवढा वर येतो. माझ्या मते वार्षिक सभेआधी हे एकदा करायलाच हवं.

नियमाचीही एक खोड आहे. बँकेच्या उताऱ्यातून मजकूर म्हणून आलेले 2500 आणि तुम्ही टाईप केलेले 2500 त्याला वेगळे वाटतात. सगळा स्तंभ एकदम रंगला तर रकमा जुळवत बसू नका, आधी त्या मजकुराचे आकडे करून घ्या.